कैरी, चिकू, बादली: टेनिसबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सर्व्हिसबद्दल लिहिताना मी ओघात एवढंच म्हटलं होतं की, फटका मारताना मनात यादी नको, एकच शब्द असावा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मी अशा शब्दाला ‘खुणेचा शब्द’ म्हणते. मोठ्यानं म्हणायचा, पुटपुटायचा किंवा नुसता मनात धरायचा, पण त्यातून शरीराला नेमकं काहीतरी कळलं पाहिजे. पत्रं थोडी लहान करून देत आहे.

*

ताई, नमस्कार. मी ४७ वर्षांची, बँकेत नोकरी करते. एकेचाळिसाव्या वर्षी टेनिस सुरू केलं. रोज सकाळी सहा ते सात खेळते. सर्व्हिसला उभी राहिले की डोक्यात सूचना सुरू होतात: टॉस (सर्व्हिससाठी चेंडू वर उडवणं) पुढे, डावा हात वर, गुडघे वाकव, कोपर वर, मनगट सैल. सरावात दहापैकी सात सर्व्हिस आत पडतात. क्लबच्या सामन्यात मात्र एका सेटमध्ये सहा-सात डबल फॉल्ट होतात, म्हणजे पहिली आणि दुसरी दोन्ही सर्व्हिस चुकून गुण जातो. आमचे सर म्हणतात, ‘विचार करू नका.’ पण विचार न करणं जमवायचं कसं? — एक वाचक, नाशिक

तुमचे सर जे म्हणतात ते होणारं नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मन रिकामं राहत नाही. तांब्यातली हवा बाहेर काढायची तर त्यात पाणी भरावं लागतं. तसं मनात काहीतरी भरावं लागेल, फक्त ते काय भरायचं हे आपण आधी ठरवायचं.

तुमच्या यादीतली प्रत्येक सूचना बरोबर आहे. पण पाचही सूचना तुमच्या स्वतःच्या शरीराबद्दल आहेत, आणि पाचही एका-दीड सेकंदात पाळायच्या आहेत. चेंडू रॅकेटच्या तारांवर असतो तो सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम चार-पाच भाग. तेवढ्यात कोपर दुरुस्त करायला वेळ कुणाकडेच नसतो.

मी सोळा वर्षांची असताना, १९८० साली, सांगलीला मातीच्या कोर्टवर खेळायचे. सकाळी आधी पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या आणि मग खेळ. माझी सर्व्हिस नेटमध्ये जायची. रोज जायची. आमच्या मास्तरांनी महिनाभर कोपर, खांदा, मनगट सगळं सांगून पाहिलं. एके दिवशी त्यांनी माझ्या हातातली रॅकेट काढून घेतली आणि कुंपणापलीकडचं आंब्याचं झाड दाखवलं. एप्रिल होता, झाड लगडलेलं होतं. हातात एक जुना, केस गेलेला चेंडू दिला आणि म्हणाले, ‘ती शेंड्याजवळची कैरी पाड.’ मी फेकला. पुन्हा फेकला. पंधरावीस चेंडू झाल्यावर त्यांनी रॅकेट परत दिली. ‘आता हिनं पाड. मध्ये नेट आहे हे विसर.’

कैरी पाडायला कोपर कुठे ठेवायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. भावांबरोबर शेजारच्या वाड्यात ते आपोआप शिकून झालं होतं. आडवं उभं राहायचं, वजन मागच्या पायावर, नजर वर, कोपर पुढे निघतं आणि हात त्याच्या मागून सुटतो. तुमच्या यादीतल्या पाचही गोष्टी त्या एका कैरीत आहेत.

शिवाय त्या शब्दात कोर्टची भूमितीही आहे, म्हणून तो मला इतका आवडतो. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेघेपासून, नेट ११.८९ मीटरवर असतं. नेटपासून सर्व्हिस लाइन, म्हणजे सर्व्हिसच्या चौकटीची मागची रेघ, ६.४० मीटर. नेटची मध्यावरची उंची ०.९१४ मीटर. तुमच्या-माझ्या उंचीची बाई हात ताणून चेंडूला रॅकेट लावते ती साधारण अडीच मीटरवर. तिथून सर्व्हिस लाइनच्या काठापर्यंत सरळ दोरी ताणली तर ती नेटपाशी जेमतेम ८७ सेंटीमीटर उंचीवर येते, म्हणजे नेटच्या वरच्या पट्टीच्या खाली. ‘वरून खाली मारायचं’ असं जिला वाटतं तिचा चेंडू जोरात मारला की नेटमध्ये जाणारच. आपल्याला वरच्या दिशेनं मारावं लागतं, आणि खाली आणायचं काम चेंडूची फिरकी आणि गुरुत्वाकर्षण करतं. ‘कोपर वर’ म्हणून हे कळत नाही. ‘कैरी’ म्हटलं की कळतं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. माणूस हालचाली कशा शिकतो याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगच्या सरावयंत्रावर प्रयोग केले होते. काहींना सांगितलं, तुमच्या पावलांच्या जोराकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पावलांखालच्या यंत्राच्या चाकांकडे लक्ष द्या. अंतर काही सेंटीमीटरचं. पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. त्यानंतर गोल्फपासून टेनिसपर्यंत अनेक खेळांत अशीच तपासणी झाली आणि बहुतेक ठिकाणी कल तोच दिसला: लक्ष अवयवावर नको, अवयवानं जे घडवायचं आहे त्यावर असावं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. पहिले पंधरा दिवस रॅकेट न घेता रोज वीस जुने चेंडू बेसलाइनवरून समोरच्या सर्व्हिसच्या चौकटीत फेका, नेटच्या चांगलं वरून. आपल्याकडे मुलींच्या हातात लहानपणी दगड आणि चेंडू फार कमी येतात, ‘झाडावर चढू नकोस, दगड मारू नकोस’ ऐकतच त्या मोठ्या होतात. पुढे त्यांच्या सर्व्हिसमध्ये जी अडचण येते तिचं मूळ कित्येकदा तिथेच असतं. मला याचं खरोखर वाईट वाटतं. तुम्ही कधीच कैरी पाडली नसेल तर नुसता शब्द उपयोगाचा नाही, आधी ती पाडायला हवी.

मग शब्द दोन भागांत म्हणा. टॉस वर जाताना ‘कैऽऽ’, फटक्याला ‘री’. मोठ्यानं म्हणा, शेजारच्या कोर्टवरच्यांनी पाहिलं तरी चालेल. ‘कै’ जेवढा लांब, तेवढी तुमची घाई कमी. सामन्यात सगळ्यात आधी बिघडते ती लय: टॉस हातातून सुटण्याआधीच उजवा हात धावतो. लांबवलेला स्वर त्याला थांबवून ठेवतो.

सामन्यातला दुसरा शत्रू मूठ. मन घाबरलं की पकड घट्ट होते आणि मनगट लाकूड होतं. ‘सैल सोड’ म्हणून ती सुटत नाही. त्याऐवजी सर्व्हिसच्या आधी चेंडूचे टप्पे देताना रॅकेट धरलेल्या हातात घोलवडचा पिकलेला चिकू आहे असं धरा. सोडला तर पडेल, दाबला तर फुटेल. टप्पे देताना ‘चिकू’, टॉसला ‘कैरी’. दोन शब्द आहेत, पण दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत, ते एकमेकांच्या आड येत नाहीत. तिसरा शब्द घालू नका.

*

माझा १२ वर्षांचा मुलगा जिल्हा पातळीवर खेळतो. सामन्यात मी जाळीबाहेरून ‘बॉल बघ’, ‘पाय हलव’ असं सांगत असतो. तो माझ्यावर चिडतो. पत्नी म्हणते, तुम्ही गप्प बसा. मी चुकीचं तर काही सांगत नाही ना? — एक पालक, कोल्हापूर

चुकीचं सांगत नाही, पण त्यात त्याला नवीन काही मिळत नाही. चेंडू तो बघतोच आहे. वडिलांच्या आवाजातून त्याला एवढंच कळतं की, आपलं काहीतरी चुकतंय आणि ते सगळ्यांना दिसतंय.

आणखी एक. अगदी शेवटच्या टप्प्यात, चेंडू रॅकेटवर येताना, डोळा त्याच्या मागे सलग फिरूच शकत नाही, इतका तो वेगात असतो. फेडररचे फोटो पाहा: चेंडू निघून गेलेला असतो आणि त्याची नजर अजून फटक्याच्या जागेवर असते. मान स्थिर, चेहरा शांत. ‘बॉल बघ’ या दोन शब्दांतून ही गोष्ट पोरापर्यंत पोहोचत नाही. त्याऐवजी डोळ्याला काम द्या. सरावात विचारा: समोरून येणारा चेंडू पुढे फिरतोय की मागे? नेटवरून किती वर येतोय? उत्तर द्यायचं म्हटलं की त्याला नीट बघावंच लागतं.

दुसरा उपाय माझा नाही. अमेरिकन प्रशिक्षक टिमथी गॅलवे यांनी १९७४ साली पुस्तकातून तो जगभर नेला. चेंडू जमिनीवर पडला की एक शब्द, रॅकेटवर आला की दुसरा. मी मुलांना ‘टप्पा’ आणि ‘ठो’ म्हणायला लावते. करून बघा, पाच मिनिटांत तुम्हालाच ऐकू येईल. फटका बसून गेल्यावर ‘ठो’ आला, तर पोरगा उशिरा पोहोचतोय. फटक्याआधीच आला, तर घाई करतोय. त्याला एक अक्षरही सुधारून सांगावं लागत नाही. दोन्ही आवाज एकत्र यावेत म्हणून तो स्वतःच पाय हलवतो. तुमची दुसरी सूचनाही त्यातच आली.

मुलांना शब्द देण्यापेक्षा त्यांना तो सापडू द्यावा, असं माझं आता ठाम मत आहे. माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी होती. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागण्याच्या क्षणी छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरायचं, म्हणजे कुठल्याही बाजूला निघता येतं, हे मी तिला तीन महिने ‘स्प्लिट स्टेप, स्प्लिट स्टेप’ म्हणून शिकवत होते. जमेना. एकदा पावसाळ्यात कोर्टच्या कडेला पाण्यात बेडूक बसले होते. ती बराच वेळ पाहत उभी राहिली, मग मला म्हणाली, ‘ताई, तो उडायच्या आधी असा बसतो ना, तसं करायचंय का?’ त्या दिवसापासून तिची स्प्लिट स्टेप चुकली नाही. ती अजूनही मनात ‘बेडूक’ म्हणते. आता ती इंजिनिअर आहे आणि रविवारी खेळते.

तेव्हा सामन्याच्या वेळी पत्नीच्या शेजारी शांत बसा. घरी जाताना गाडीत स्कोअर काढू नका. ‘आज कुठला शब्द धरला होतास?’ एवढंच विचारा. तो सांगेल. नाही सांगितलं तरी चालेल, शब्द त्याचा आहे.

*

वय ६८. डबल्समध्ये मला सगळे नेटवर उभं करतात. व्हॉली (टप्पा पडण्याआधीच घेतलेला फटका) मारली की बाहेर जाते, नाहीतर नेटमध्ये. सोपा उपाय सांगा. — डोंबिवली

‘मारायचं’ हाच शब्द काढून टाका. व्हॉलीचा शब्द ‘झेल’. क्रिकेटमध्ये स्लिपला उभे असाल तसे हात पुढे, आणि चेंडू रॅकेटनं झेलायचा आहे एवढंच मनात. झेल घेणारा हात मागे नेत नाही. तुमची रॅकेट खांद्याच्या मागे जाते, तिथे सगळं बिघडतं. समोरून आलेल्या चेंडूत पुरेसा वेग असतोच, तुम्ही घालायची गरज नाही. जोडीदाराला सांगा, दहा मिनिटं हातानंच चेंडू टाक, आणि तुम्ही पहिले दहा चेंडू खरोखर डाव्या हातानं झेला, मग रॅकेटनं. गुडघ्यांची काळजी घ्या.

*

फोरहँड गेले तीन महिने बाहेर जातोय. आधी ठीक होता. ‘शांत’, ‘हळू’, ‘वर’, सगळे शब्द वापरून झाले. ध्यानसुद्धा करतो. मन इतकं अस्थिर का झालं असेल? रॅकेट तीच आहे, चार वर्षांपूर्वी पुतण्यानं दिलेली, अजून तारसुद्धा तुटलेली नाही. — छत्रपती संभाजीनगर

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. चार वर्षं तारा बदललेल्या नाहीत! न तुटलेली तार म्हणजे चांगली तार नव्हे. तिचा ताण हळूहळू उतरत जातो, आणि सैल तारांवरून चेंडू जास्त उसळून लांब जातो. आधी रॅकेटला नवीन तारा लावून घ्या. मग दोन आठवडे खेळा. तोवर मनाला दोष देऊ नका.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण मनाबद्दल बोलायला लागलं की माणसं सगळंच मनावर टाकतात. बेलारूसची टेनिसपटू आर्यना सबालेंका हिचं उदाहरण घ्या. २०२२ साली तिच्या सर्व्हिसची अशी अवस्था झाली होती की डबल फॉल्टमागून डबल फॉल्ट व्हायचे, एका सामन्यात तर तिनं हात खाली ठेवून सर्व्हिस केली. बघणारे म्हणायचे, हिचं मन खचलंय. मग तिनं शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञाकडून सर्व्हिसची बांधणीच नीट करून घेतली, आणि २०२३च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. आधी हालचाल सुधारली, मग विश्वास आला. पकड चुकली असेल, तारा सैल असतील, चष्म्याचा नंबर बदलला असेल, तर खुणेचा शब्द बिचारा काय करणार? तो बरोबर हालचाल आठवून देतो. चुकीची हालचाल बरोबर करणं त्याच्या हातात नाही.

नव्या तारांनंतरही चेंडू बाहेर गेला तर ‘शांत’ आणि ‘हळू’ हे दोन्ही शब्द सोडून द्या. ‘शांत’ म्हटल्यानं हाताला काहीच कळत नाही. ‘हळू’ म्हटलं की माणूस अर्ध्यातच रॅकेट थांबवतो आणि चेंडूला फिरकीच मिळत नाही. त्याजागी ‘कमान’ घ्या. नेटवर तुमची रॅकेट उभी धरली आहे अशी कल्पना करा, साधारण ६८ सेंटीमीटर. तिच्या टोकावरून कमानीसारखा चेंडू न्यायचा आणि बेसलाइनच्या आत उतरवायचा. रॅकेट खालून वर जाईल, आणि ती पूर्ण जाऊ द्या.

*

ताई, मी वाई तालुक्यातला, वीस वर्षं न्यू जर्सीत. हिवाळ्यात इनडोअर कोर्टवर शिकायला जातो. इथला प्रशिक्षक चांगला आहे, पण त्याच्या इंग्रजी सूचना मला कळतात आणि अंगात उतरत नाहीत. विशेषतः दोन हातांचा बॅकहँड. शब्द मराठीत हवा का? तुम्हाला गंमत वाटेल, पण आमच्या गोठ्यातली सगळी कामं मी न शिकवता करायचो. हे का नाही जमत? — एक वाचक, न्यू जर्सी

गंमत अजिबात वाटली नाही. उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय.

गोठा धुताना बादलीभर पाणी पलीकडच्या भिंतीपर्यंत कसं भिरकावत होतात ते आठवा. एक हात कडीला, एक हात बुडाला. बादली डाव्या मांडीजवळ मागे गेली, गुडघे वाकले, मग पाय आणि कंबर फिरली आणि हात शेवटी आले. नुसत्या हातांनी पाणी फेकलं असतंत तर ते तुमच्याच पायांवर पडलं असतं. भिंतीपर्यंत गेलं ते कंबरेमुळे. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा दोन हातांचा बॅकहँड हाच असतो. डावा हात ढकलतो, उजवा दिशा देतो, पाणी जिथे टाकायचं तिथे पोट वळतं. तुमचा शब्द ‘बादली’. प्रशिक्षकालाही सांगा, तो तुमच्या हालचालीत बादली ओळखेल.

शब्द मराठीत हवा का, या प्रश्नाचं माझं उत्तर थोडं वेगळं आहे. शब्द तुमच्या शरीरानं जगलेला हवा. तुमच्यासाठी तो मराठीत आहे, कारण तुमचे हात वाईजवळच्या गोठ्यात तयार झाले. ‘बॅकहँडमध्ये कंबर फिरवा’ हे तुम्ही इंग्रजीत ऐका किंवा मराठीत, ते वाक्यच राहतं. ‘बादली’ म्हटलं की हातांना ओझं जाणवतं. तुमची मुलगी तिथे वाढली असेल तर तिला बादलीचा काही उपयोग नाही. तिनं कधी बर्फ फावड्यानं बाजूला टाकला असेल तर तिचा शब्द कदाचित तिथे सापडेल. तिला विचारा, आणि मला जरूर कळवा. माझ्या वहीत बर्फाचा एकही शब्द नाही.

*

मी पुण्यात कॉलेजमध्ये आहे, विद्यापीठाच्या संघात खेळतो. मला रिटर्नसाठी (समोरच्याची सर्व्हिस परतवण्यासाठी) ‘भिंत’ हा शब्द सापडला होता. तीन आठवडे जादू झाल्यासारखं खेळलो. आता म्हणतो, पण काहीच होत नाही. आणि टायब्रेकमध्ये, म्हणजे सेट बरोबरीत आल्यावरच्या निर्णायक गेममध्ये, तर शब्द आठवतच नाही. माझं काही चुकतंय का? — पुणे

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्याच सांगते.

शब्द शिळा होतो. कुठलाही शब्द पन्नास वेळा लागोपाठ म्हणा, त्यातला अर्थ गळून नुसता आवाज उरतो. तीन आठवड्यांत तू ‘भिंत’ हजार वेळा म्हटला असशील. आता तो म्हणताना तुला भिंत दिसत नाही. मग चित्र तेच ठेवून शब्द बदल. ‘भिंत’ म्हणजे तुला काय जाणवत होतं? रॅकेट मागे न नेणं, की जागेवर घट्ट उभं राहणं? पहिलं असेल तर ‘दार’ करून बघ, चेंडू आला की नुसतं लावून घ्यायचं. दुसरं असेल तर आणखी काही. एक वही कर. मी १९९६ पासून अशा वह्या ठेवते: तारीख, फटका, शब्द, किती दिवस चालला. कुठलाच कायमचा चाललेला नाही, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

टायब्रेकचं वेगळं आहे. तिथे शब्द आठवत नाही, कारण त्याची जागा ठरलेली नाही. मोठ्या सामन्यांत दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. त्यातल्या पहिल्या काही सेकंदांत पाठ फिरव आणि मागच्या गुणाबद्दल जे वाटायचं ते वाटू दे. मग तारांकडे बघत एक लांब श्वास सोड. मग चेंडू कुठे टाकायचा हे ठरव. सगळ्यात शेवटी, आणि तिथेच, शब्द. दर गुणाला याच क्रमानं, ४०-० असलं तरी. सेरेना विल्यम्स पहिल्या सर्व्हिसआधी चेंडूचे पाच टप्पे द्यायची आणि दुसऱ्या सर्व्हिसआधी दोन. लोक याला तिची अंधश्रद्धा म्हणायचे. मला त्यात शब्दासाठी राखून ठेवलेली जागा दिसते.

दुसऱ्या सर्व्हिसला स्वतःचा शब्द हवाच. १९९३ची विम्बल्डनची अंतिम लढत मी टीव्हीवर पाहिली होती. चेक खेळाडू याना नोव्होत्ना जर्मनीच्या स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ नं पुढे, स्वतःची सर्व्हिस, ४०-३०. एक गुण आणि ५-१. तिथे तिचा डबल फॉल्ट झाला, तो गेम गेला, आणि सेट ६-४ नं ग्राफनं नेला. बक्षीस घेताना नोव्होत्ना ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर रडली, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर येतं. मी तेव्हा शिकवायला लागले होते, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मुलांना मी दुसरी सर्व्हिस वेगळी शिकवायला लागले: वेगळा शब्द, वेगळे टप्पे, पहिलीची हळू केलेली नक्कल नाही. नोव्होत्नानं १९९८ साली तीच स्पर्धा जिंकली, तेव्हा आमच्या कोर्टवर आम्ही पेढे वाटले होते.

सरावात शब्दावर ताण आणायला शिक. मित्राबरोबर टायब्रेक ५-५ पासून सुरू करा, रोज पाच. हरेल त्यानं कोर्टला पाणी मारायचं. धाप लागलेली असताना, हरायची भीती असताना शब्द त्याच्या जागेवर येतोय का, एवढंच बघ. गुण गेला तरी चालेल.

आणि ‘भिंत’ खोडून टाकू नकोस. तारीख घालून वहीत ठेव, शब्द परत येतात. सांगलीची कैरी माझ्या वहीत दोनदा आली आहे. १९९७ साली, मुलगी झाल्यावर पुन्हा खेळायला उतरले तेव्हा, आणि गेल्या मार्चमध्ये, खांद्याचं दुखणं आटोपून सात महिन्यांनी पहिल्यांदा सर्व्हिसला उभी राहिले तेव्हा. या वेळी शेवटपर्यंत जोर लावता येत नाही, म्हणून झाड जरा बुटकं धरते.